मधली खुर्ची

आमच्या मांडणीवर एक पितळी पेला आहे. तो वाजू लागला की समजायचं, वरच्या मजल्यावर सिनेमा सुरू झाला. बाकी ऐकू काहीच यायचं नाही. संवाद नाहीत, गाणं नाही. पेल्याचा काठ शेजारच्या ताटाला लागून होणारी बारीक किणकिण तेवढी यायची, आणि ओट्यावर हात टेकला तर तळव्याला थरथर.

मोबाइलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप घेतलं. ते 38 दाखवायचं. नियमाप्रमाणे रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 ची मुभा, म्हणजे कागदोपत्री मला तक्रारीला जागाच नव्हती. (हे 55-45 ज्या ‘ए’ मापाने मोजतात ते माणसाच्या कानावर बेतलेलं असतं, आणि 40 हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्यात जवळजवळ 35 डेसिबलने कमी धरतात, हे मला मागाहून समजलं. पेल्याला हा नियम कोण सांगणार?)

शेवटी एका शनिवारी जिना चढून गेले. वरचा मुलगा आयटीतला, स्वभावाने गरीब. ओशाळला. म्हणाला, “काकू, खरं सांगू? मला बेस येतच नाहीये, म्हणून तर वाढवतोय. उद्या एक जण येणार आहे लावून द्यायला. तुम्ही पण या ना.”

खाली माझी भांडी नाचतायत आणि वर याला काही ऐकूच येत नाही! हे बघायला मी गेले नसते तरच नवल.

आलेला माणूस सातारकडचा, चाळिशीचा. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात मायक्रोफोनचा स्टँड, आणि काखेत चक्क एक गोणपाट. आल्या आल्या काही वाजवेल असं वाटलं होतं. त्याने टेप काढली आणि खोली मोजली. 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद. समोर पडदा, खोलीच्या बरोबर मध्यावर तीन खुर्च्यांचा सोफा, आणि पडद्याच्या उजवीकडच्या कोपऱ्यात एकाला एक चिकटून दोन बुटके काळे ठोकळे. हेच ते सबवूफर.

“दोन्ही इथंच का?”

“प्लग इथेच होता,” मुलगा म्हणाला.

“सगळीकडं असंच असतंय.”

मग त्याने मला मधल्या खुर्चीत बसवलं. मुलाची ही नेहमीची जागा. मागे रेलता येणारी, पाय वर करणारी, तिघींत सर्वांत महाग. लॅपटॉपवर 43 हर्ट्झचा एकच सूर लावला. मी वाट बघत बसले. बंद आहे का, असं विचारणार तोच तो म्हणाला, “उठा मावशी, भिंतीकडं चाला.” दोन पावलं गेले आणि छातीत काहीतरी भरू लागलं. भिंतीपाशी तर घशात गुरगुर झाली, साडीच्या निऱ्या हलल्यासारख्या वाटल्या. परत खुर्चीकडे आले, पुन्हा सगळं गायब. चारपाच वेळा मी लहान पोरासारखी जा-ये केली.

“20 हर्ट्झची लाट 17 मीटर लांब असती मावशी. खोली 6 मीटरची. जाणार कुठं ती?”

परातीत पाणी घेऊन हिंदकळवलं की काय होतं ते आठवून बघा. कडेला पाणी वरखाली होतं, मध्यावर जागच्या जागी. खोलीतली हवा तशीच हिंदकळते. 4 मीटर रुंदीत ही हिंदकळ 43 हर्ट्झला बसते, 6 मीटर लांबीत 29 च्या आसपास. आणि कोपऱ्यातून ढकललं तर दोन्ही जोरात उठतात. मधली खुर्ची लांबीच्याही मध्यावर आणि रुंदीच्याही. म्हणजे आवाजाचं बटण ज्याच्या हातात, नेमका त्याच्याच खुर्चीत बेस नाही. तो वाढवत गेला, भिंती घुमत गेल्या, खाली माझा पेला. ज्या सॉफ्टवेअरने हा खड्डा दिसतो त्यातच तो भरून काढायचा प्रयत्नही मुलाने केला होता: 43 ला 10 डेसिबल वर. तेवढ्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरला दहापट ताकद लावावी लागते, आणि खड्डा होता तिथेच राहतो. त्या माणसाने काही न बोलता ती रेघ पुसली.

मी त्याच्या हाताकडे बघत होते. सूर चालू असताना तो खुर्चीच्या पाठीवर तळहात सपाट ठेवायचा, वैद्याने नाडी बघावी तसा, मग लॅपटॉपकडे बघायचा. कान देऊन ऐकताना काही दिसला नाही. विचारलं तर म्हणाला, उजव्या कानात सतत शिट्टी वाजते. वयाच्या सोळाव्या वर्षापासून गणपतीत ‘डॉल्बी’च्या गाडीवर होता, बेसचे डबे चढव-उतर करायला. भिंतीएवढ्या स्पीकरपासून हातभर अंतरावर रात्र रात्र उभा राहायचा. त्या मिरवणुकांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या आहेत. त्यात हा होता. “तवा वाढवायचंच काम होतं,” एवढंच तो म्हणाला.

कोपऱ्यात आणखी दोन खोकी बघून माझ्या पोटात गोळा आला. दोनाचे चार? पण हिशेब उलटा असतो. हार्मन कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये ‘किती सबवूफर पुरे?’ याच प्रश्नावर निबंध वाचला होता. आयताकृती खोलीत चार भिंतींच्या मध्यावर चार ठेवले तर सगळ्या खुर्च्यांना जवळपास सारखा बेस पोचतो; चाराच्या पुढे जाऊन विशेष हाती लागत नाही. परातीचं पाणी समोरासमोरच्या कडांनी एकाच वेळी दाबलं तर ते हिंदकळणार कसं? आणि चार जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाला जोर कमी लावावा लागतो. आता, त्याच निबंधात समोरासमोरच्या भिंतींवर दोन ठेवूनही बरंचसं साधतं असं निघालं होतं. म्हणजे एक ठोकळा सरकवून भागलं असतं. मी तसं म्हटलं. मुलगा म्हणाला, “आता घेऊन झालेत, काकू.” तो माणूस केबल उलगडत राहिला.

गोणपाट कशाला ते आता कळलं. ठोकळा त्यावर तिरका करून घ्यायचा आणि फरशीवर ओरखडा न उठवता ओढत न्यायचा. डाव्या भिंतीच्या मध्यावर दार निघालं; तिथला ठोकळा मीटरभर पुढे सरकवावा लागला. पडद्यामागे लपवता येईल का, मुलाने विचारलं. “लपवा की. 17 मीटरच्या लाटेला पडदा दिसतोय व्हय?”

पुढचे दोन तास कंटाळवाणे. एकेक सबवूफर, एकेक खुर्ची, अशी बारा मापं. प्रत्येक वेळी तळपायाखालून सुरू होऊन शिट्टीकडे चढत जाणारा एक लांबलचक ‘ऊऽऽ’. मग चौघांचे आवाज सारखे करायचे, आणि कुणाला किती उशिरा वाजवायचं ते ठरवायचं. एक मिलीसेकंद म्हणजे 34 सेंटिमीटर. दारापाशी सरकलेल्या ठोकळ्यापायी या मिलीसेकंदांशी तो बराच वेळ झटत होता. सकाळी मधली खुर्ची आणि कडेची खुर्ची यांत 43 हर्ट्झला 19 डेसिबलचा फरक होता. दुपारी 5 उरला. 57 ला तिन्ही खुर्च्यांवर एक फुगवटा आला होता. तो सगळीकडे सारखा, म्हणून छाटता येण्याजोगा. त्याने तो छाटला.

मला पुन्हा मधल्या खुर्चीत बसवलं. बटण सकाळपेक्षा बरंच खाली होतं, आणि बेस होता. गुरगुर नाही, नुसता भरीवपणा, डग्ग्यावर नीट पडलेल्या थापेसारखा. सिनेमाचं मला काही नाही, पण ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. त्याचा तळहात खुर्चीच्या पाठीवर होताच.

“आता खाली जावा मावशी. फोन चालू ठिवा. पेला वाजला की सांगा.”

स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी राहिले. 30 झाले, 35 झाले. 43 आले आणि गेले, पेला गप्प. मी सांगणार एवढ्यात वरच्या फळीवरून वेगळीच टकटक.

“लोणच्याची बरणी!” मी ओरडले. “झाकण वाजतंय.”

“57,” तो म्हणाला. “थांबा, आणखी काढतो.” थोडं कमी झालं. “आता?”

“अजून आहे थोडं.”

“याच्याखाली काढलं तर वर काय राहायचं नाही.”

मी ओट्याखालच्या खणातून फडका काढला, झाकण उचललं, बरणीच्या तोंडावर फडका घालून सुतळी आवळली आणि वर झाकण ठेवलं.

“काय केलं?”

“दादरा बांधला.”

मागून मुलाचा आवाज आला, “दादरा? तबल्यातला?”

“बरणीचा असतोय, साहेब,” तो त्याला म्हणाला, आणि मला, “घट्ट बांधा मावशी. परत लावतो.”