स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : कोणती कोणाला?

लठ्ठ माणसाची थट्टा करण्याची चाल समाजांत फार जुनी आहे. लग्नाच्या पंगतींत, आगगाडीच्या डब्यांत, शाळेच्या वर्गांत त्याच्यावर विनोद होतात, आणि जो भेटेल तो ‘जरा कमी खा’ असा उपदेश करून मोकळा होतो. हा उपदेश खोटा नाहीं. पण कांहीं देहांच्या बाबतींत तो अपुरा आहे. वजन एका मर्यादेपलीकडे गेलें म्हणजे शरीर स्वतःच त्या वजनाची राखण करूं लागतें. आहार तोडला कीं भूक वाढते, शरीराचा नित्याचा खर्च कमी होतो, आणि मोठ्या कष्टानें उतरविलेलें वजन पुन्हां चढतें. त्यांतच मधुमेह, रक्तदाब, झोपेंत श्वास अडकणें असे विकार जडले म्हणजे प्रश्न रूपाचा राहत नाहीं, आयुष्याचा होतो. शस्त्रक्रियेचा विचार येथून सुरू होतो.

ती कोणाला योग्य, हें ठरविण्याची पहिली मोजपट्टी साधी आहे. वजनाच्या किलोग्रॅमांस उंचीच्या मीटरांच्या वर्गानें भागावें; येणारा आंकडा म्हणजे निर्देशांक. १६० सेंटिमीटर उंचीच्या व ९६ किलो वजनाच्या बाईचा निर्देशांक ३७.५ होतो. १९९१ सालीं अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें बोलाविलेल्या परिषदेनें ४० ही मर्यादा सांगितली होती, आणि सोबत गंभीर विकार असल्यास ३५. २०२२ सालीं या शाखेच्या शस्त्रवैद्यांच्या दोन संस्थांनीं ती सुधारली : विकार असो वा नसो ३५, मधुमेहासारखा विकार असल्यास ३० पासून विचार करावा, आणि आशियाई लोकांसाठीं २७.५. आशियाई देहांत कमी वजनालाच मधुमेह गांठतो, हें त्यामागील कारण. मात्र हा आंकडा दार उघडतो एवढेंच. आंत गेल्यावर कोणत्या वाटेनें जावें, तें तो सांगत नाहीं.

या वाटा कशा पडल्या, हें पाहणें उद्बोधक आहे. १९५४ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा येथें क्रेमेन व लिनर यांनीं लहान आंतड्याचा बराचसा भाग वगळून अन्न पुढें नेण्याची युक्ति प्रसिद्ध केली. वजनें उतरलीं, पण मागाहून अतिसार, मुतखडे आणि यकृताचे घातक विकार उद्भवले, व ती पद्धति सोडून द्यावी लागली. नुसतें वजन उतरणें म्हणजे यश नव्हे, हा धडा त्या रोग्यांनीं फार मोठी किंमत देऊन शिकविला. पुढें १९६७ सालीं आयोवा येथील मेसन व इटो यांनीं जठरालाच वळसा देणारी शस्त्रक्रिया पुढें आणली. व्रणामुळें ज्यांच्या जठराचा भाग काढावा लागे, ते रोगी पुढें सडपातळ राहतात, हें पाहून ती कल्पना सुचली.

आज जगांत मुख्यतः दोन शस्त्रक्रिया चालतात. पहिली ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी’. स्लीव्ह म्हणजे बाही. पखालीसारख्या फुगणाऱ्या जठराचा सुमारें तीनचतुर्थांश भाग उभा कापून काढून टाकतात, आणि सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी तेवढी ठेवतात. आंतड्यांना हात लागत नाहीं. दोन घासांत पोट भरतें, हा एक लाभ. दुसरा असा कीं, भूक चेतविणारें ‘घ्रेलिन’ नांवाचें द्रव्य मुख्यतः त्या कापलेल्या भागांतच तयार होतें. तेव्हां भूकही मंदावते. पण कापून टाकलेलें जठर परत येत नाहीं. शिवाय अरुंद नळींत दाब वाढून आम्ल वर अन्ननलिकेंत चढूं शकतें.

दुसरी शस्त्रक्रिया ‘गॅस्ट्रिक बायपास’. रू या स्विस शस्त्रवैद्यानें प्रचारांत आणलेल्या जोडणीवरून तिला ‘रू-एन-वाय’ म्हणतात. जठराच्या माथ्याशीं सुमारें ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी, लहानशी थैली वेगळी करून ती थेट लहान आंतड्याच्या पुढील भागास जोडतात. उरलेलें जठर पोटांतच राहतें, पण अन्न त्या वाटेनें जात नाहीं. अन्न आंतड्याच्या खालच्या भागांत लवकर पोंचल्यामुळें तेथून असे स्राव निघतात कीं, रक्तांतील साखर पुष्कळदां वजन फारसें उतरण्यापूर्वींच सुधारूं लागते. उलट बाजूस, लोह, कॅल्शियम आणि ‘ब-१२’ यांचें शोषण कमी होतें. गोड पदार्थ एकदम खाल्ल्यास घाम व घेरी येते. सांध्यापाशीं व्रण होऊं शकतो. आणि क्वचित् कांहीं वर्षांनीं आंतडें आंतल्या आंत अडकतें.

दोहोंत सरस कोणती? २०१८ सालीं स्वित्झर्लंड व फिनलंड येथील दोन पांच वर्षांच्या परीक्षणांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्हींत बायपासनें वजन किंचित् अधिक उतरलें, पण फरक मोठा नव्हता. स्विस परीक्षणांत आम्लाचा त्रास वाढण्याचें प्रमाण मात्र बाहीनंतर शेंकडा सुमारें ३२ आणि बायपासनंतर सुमारें ६ होतें. क्लीव्हलंड येथें १५० मधुमेह्यांवर झालेल्या परीक्षणांत पांच वर्षांनंतर साखर ठरलेल्या मर्यादेखालीं आलेले रोगी केवळ औषधोपचारानें शेंकडा ५, बाहीनें २३ व बायपासनें २९ निघाले.

म्हणजे निवड वजनाच्या कांट्यावर नव्हे, रोग्याच्या इतर दुखण्यांवर करावी लागते. ज्याला मूळचीच छातींत जळजळ आहे, त्यानें बाही घेणें म्हणजे आगींतून उठून फुफाट्यांत पडणें. जुना मधुमेह असेल तर बायपासचें पारडें जड होतें. उलट ज्याला संधिवातासाठीं वेदनाशामक गोळ्या रोज घ्याव्या लागतात, किंवा ज्याची तंबाखू, मिश्री सुटत नाहीं, त्याला बायपासमधील सांध्याच्या व्रणाचें भय अधिक. ज्याच्या पोटांत पूर्वींच्या शस्त्रक्रियांमुळें आंतडीं चिकटलेलीं आहेत, त्याला बाही सोयीची. म्हणून आधीं दुर्बिणीनें अन्ननलिका व जठर तपासून घेणें हिताचें.

तिसराही एक प्रकार प्रचारांत आहे. त्यांत एकाच सांध्यानें बायपास करतात. तो करण्यास सोपा आहे. २०१९ सालच्या फ्रान्समधील परीक्षणांत वजनाच्या बाबतींत तो उणा ठरला नाहीं, परंतु अतिसार व कुपोषण अधिक दिसलें. जठराला सिलिकोनचा पट्टा बांधण्याची रीत एके काळीं फार लोकप्रिय होती. वजन पुन्हां वाढणें व पट्टा सरकणें यांमुळें ती आतां बरीच मागें पडली आहे.

धोका किती, हा प्रत्येक घरांतला प्रश्न. २००९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत पहिल्या ३० दिवसांतील मृत्यु हजारीं सुमारें ३ होते. हा आंकडा लहान आहे, शून्य नव्हे. अलीकडे सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड अशीं टोंचून घेण्याचीं औषधेंही निघालीं आहेत. पण तीं थांबवितांच वजन बहुधा परत येतें. ज्याचें काम त्यांनीं भागतें, त्यानें सुरीची घाई करूं नये.

शेवटीं खरी परीक्षा शस्त्रक्रियेनंतरची. पी हळद अन् हो गोरी, असा हा प्रकार नाहीं. घांस बारीक चावून खाणें, आधीं डाळ, पनीर, अंडें असा पौष्टिक भाग व मग भात-पोळी, जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी हें सारें जन्मभर सांभाळावें लागतें. शाकाहारी घरांत ‘ब-१२’ची उणीव आधींच असते, तेथें अधिकच जपावें. तरुण स्त्रीनें निदान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. आणि घरच्यांनीं एक करावें : ‘एवढेंसेंच जेवलास?’ म्हणून ताटांत आग्रहाची वाढ करूं नये. शस्त्रवैद्य जठर लहान करूं शकतो. घरचा आग्रह आंवरणें घरच्यांच्याच हातीं असतें.