पडण्याची तालीम

संपादकांनी भोपाळला पाठवलं ते तिथल्या नाट्यशिक्षणावर लिहायला. त्याचा इतिहास थोडक्यात उरकतो. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी भारत भवनाचं उद्घाटन झालं. इमारत चार्ल्स कोरिआ यांची, तिथल्या रंगमंडळाची धुरा ब. व. कारंत यांच्याकडे. हबीब तन्वीर यांचं नया थिएटर याच शहरात स्थिरावलं, आणि २०११ साली मध्य प्रदेश नाट्य विद्यालय सुरू झालं. एवढ्यावरही लेख उभा राहिला असता. पण तुलसी नगरात, दोन नंबर स्टॉपच्या बाजूला, एका हौशी गटाची तालीम बघायला बसलो आणि तिथे एक मुलगा मरायला शिकत होता. त्याच्या वाट्याला एकही वाक्य नव्हतं. वार लागायचा, मागे पडायचं, उठून कपडे झटकायचे, पुन्हा जागेवर उभं राहायचं. बाकीचं नाटक मला आता आठवत नाही. त्या मुलाचे गुडघे मात्र स्पष्ट आठवतात.

कारण सगळी करामत गुडघ्यांत होती. मागे पडणं प्रेक्षागृहातून दिसतं ते असं: वार बसतो, छाती मागे फेकली जाते, हात हवेत जातात, माणूस आडवा. प्रत्यक्षात तो पडतच नाही, खाली जातो. एक पाय पाऊलभर मागे टेकतो, सगळं वजन त्या पायावर येतं, आणि तो गुडघा वाकत वाकत कुल्ला जवळजवळ टाचेला लागेपर्यंत माणूस बसतो. दुसरा पाय पुढे घसरत जातो. जमिनीला पहिला स्पर्श होतो तो कुल्ल्याच्या मांसल बाजूचा. माकडहाडाचा चुकूनही नाही. तिथून पाठ गोल करून, किंचित तिरकं, एका खांद्याकडे लोळायचं. हनुवटी छातीला चिकटलेली, म्हणजे डोकं आपटत नाही. श्वास बाहेर सोडत जायचं. छातीत हवा कोंडून पडलेला माणूस ताठ राहतो आणि ताठ माणूसच जखमी होतो. सगळ्यात अवघड म्हणजे हात. पडताना हात मागे टेकवावा ही शरीराची उपजत बुद्धी, आणि मनगट मोडतं ते त्याच बुद्धीपायी. ती मोडून काढायलाच सगळी तालीम खर्च होते.

प्रेक्षक चेहरा आणि छाती बघतो, पोटऱ्यांकडे त्याचं लक्ष नसतं. म्हणून वरचं अर्धं शरीर मरतं आणि खालचं अर्धं काम करत राहतं. एकाच क्षणी दोन्ही! या विद्येवर माझा जीव जडला तो इथेच.

यातलं गणित साधं आहे. उभ्या माणसाची कंबर जमिनीपासून साधारण एक मीटर वर असते. एक मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. तो वेग एका सेंटिमीटरात थांबला तर शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट धक्का बसतो. पंचवीस सेंटिमीटरांत थांबला तर चौपट. वाकणारा गुडघा हे जादा अंतर मिळवून देतो. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदो सुरू केला, त्यातही शिकणाऱ्याला आधी पडायलाच शिकवतात. तळहात आणि अख्खा बाहू गादीवर आपटून धक्का पसरवायचा ही तिथलीच युक्ती. रंगमंचावर ती आवाजासाठीही कामाला येते. प्रेक्षकाला देह आपटल्याचं ऐकू येतं, पण आपटलेला असतो फक्त तळवा.

मल्लखांब २०१३ पासून मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे. तो खेळून नाटकात आलेल्या मुलांची वेगळीच अडचण होते. ती पडतात सुरेख, पण पायाचे पंजे ताणलेले असतात, आणि मरणाऱ्या माणसाचे पंजे कधी ताणलेले नसतात. मूर्च्छेत तर दोरीवरचं धोतर घसरत यावं तसं शरीर खाली आलं पाहिजे: आधी मान, मग खांदे, मग कंबर. मरण असं टप्प्याटप्प्याने येतं हे भरतमुनींनाही ठाऊक होतं. मृत्यू अंकात प्रत्यक्ष दाखवू नये असा नियम नाट्यशास्त्रात आहे, आणि तरीही त्याच ग्रंथात विषबाधेने मरणाऱ्याचा अभिनय आठ टप्प्यांत सांगितला आहे. कृशता, कंप, दाह, उचकी, तोंडाला फेस, सहाव्यावर मान कलंडणं, सातव्यावर जडत्व, आठव्यावर मरण. भासाने तर नियम बाजूला ठेवून ‘ऊरुभंग’मध्ये दुर्योधनाला प्रेक्षकांसमोर मरू दिलं.

मराठी माणसाला भोपाळमध्ये या विषयावर ‘नटसम्राट’ची आठवण होणं अटळ आहे. शिरवाडकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० चा. गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी केले, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनी केले. हिंदीत ते केले भोपाळच्या आलोक चटर्जी यांनी, जयंत देशमुख यांच्या दिग्दर्शनात. चटर्जी रंगमंडळात घडलेले, नंतर नाट्य विद्यालयाचे संचालक झालेले. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. बेलवलकर रंगमंचावरच मरतात. पण ते सैनिकाचं कोसळणं नव्हे, म्हाताऱ्याचं आहे. म्हातारा वेगाने पडत नाही. त्याचा आधार एकेका सांध्यातून निघून जातो. सावकाश खाली जाणं वेगाने जाण्यापेक्षा कठीण, कारण मांड्यांना देहाचं वजन कितीतरी जास्त वेळ तोलावं लागतं. अशी भूमिका नटाकडे बहुधा येते तेव्हा त्याच्याही मांड्या तरुण राहिलेल्या नसतात. लॉरेन्स ऑलिव्हिए १९५९ साली स्ट्रॅटफर्डला ‘कोरिओलेनस’च्या शेवटी सुमारे बारा फुटांच्या चौथऱ्यावरून खाली झेपावायचे आणि दोन नट त्यांचे घोटे धरून त्यांना उलटे लोंबकळते ठेवायचे. तेव्हा त्यांचं वय ५२ होतं. ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते. मला घोटे धरणाऱ्या त्या दोघांबद्दल जास्त आदर वाटतो. रोज रात्री त्यांना एकदाही चुकून चालणार नव्हतं.

आणि आता काळजीचं. पडण्याची तालीम मातीत किंवा गादीवर सुरू होते. तुलसी नगरात तशी जागा सापडते, कारण क्वार्टरांमध्ये अंगणं आहेत आणि वर मोठी झाडं. २०१६ मध्ये या वस्तीवर स्मार्ट सिटीचा प्रकल्प येणार होता. झाडांसाठी रहिवासी उभे राहिले आणि तो टी. टी. नगरकडे गेला. पण प्रयोग मातीत होत नाही. तो होतो सभागृहात, आणि पाऊल टाकेपर्यंत सभागृहाची जमीन नटाला माहीत नसते. लाकडी फळ्यांखाली पोकळी असेल तर जमीन थोडी दबते आणि धक्का वाटून घेते. सिमेंटवर फरशी किंवा सिमेंटवरच थेट चिकटवलेलं प्लायवूड असेल तर काहीच दबत नाही. रंगशीर्षाची, म्हणजे रंगमंचाच्या मागच्या भागाची, जमीन कासवाच्या पाठीसारखी नसावी, माशाच्या पाठीसारखी नसावी, आरशासारखी सपाट असावी, असं नाट्यशास्त्र बजावतं. आपल्या गावोगावच्या सभागृहांत खिळे वर आलेले, फळ्यांमध्ये बोटभर फटी, वर गालिचा. तो गालिचा तर फार वाईट, कारण मागचा पाय त्यात अडकतो.

त्यात पोशाख. तालमीत ट्रॅकपँट घालून पडलेला मुलगा प्रयोगात धोतर, शेला आणि कमरेला तलवार लावून पडतो. मुठीवर पडला तर बरगडी गेलीच. मग अंधार. मृत्यूनंतर बहुतेकदा ब्लॅकआउट असतो, आणि मेलेल्याला त्या काळोखात उठून विंग गाठायची असते, तीही रंगमंचाची कड नेमकी कुठे संपते ते लक्षात ठेवून. शिवाय पुनरावृत्ती. पहिल्या दहा प्रयोगांत नट प्रत्येक सांध्याची आठवण ठेवतो. पुढे ते अंगवळणी पडतं, आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टीतली एखादी पायरी कधी गळते ते त्यालाही कळत नाही. दर प्रयोगाआधी संथ गतीत एकदा पडून बघणं हाच त्यावरचा इलाज. दौऱ्यावर त्यालाच वेळ नसतो. ट्रक उशिरा येतो, नेपथ्य लागतं, प्रकाशयोजनाकार दिवे टांगतो, ध्वनीवाला माईक तपासतो आणि या प्रत्येकाची वेळ कागदावर लिहिलेली असते. दुसऱ्या अंकात ज्याला मागे पडायचं आहे त्याच्या नावापुढे, नव्या जमिनीवर दोनदा पडून बघायला, पाच मिनिटं लिहिलेली मला अजून कुठे दिसलेली नाहीत. ती लिहायला पैसा लागत नाही. पहिल्या घंटेच्या आधी पडदा पाडून ठेवला, जमीन झाडली, गालिचा गुंडाळून बाजूला टाकला की झालं.