गर्भिणीचा विमानप्रवास : वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी काय सांगावे?

लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी करावे, ही मराठवाड्यातील जुनी रीत आहे. पूर्वी ही लेक जालना, बीड किंवा फार तर पुण्याहून येत असे. आता ती बंगळूरू, हैदराबाद, दुबई वा अमेरिकेहून येते आणि ‘विमानाने आणले तर चालेल का?’ हा प्रश्न पुष्कळदा घरच्या वैद्याला प्रथम विचारला जातो. औषधालयातही तो येतो. त्याचे उत्तर ‘काही होत नाही’ किंवा ‘मुळीच नको’ असे एका शब्दात देणे योग्य नाही, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडील एका गर्भिणीला सासरी हैदराबादला जायचे होते. ‘आठवा चालू आहे’ असे तिच्या आईने सांगितले. सूज नाही, रक्तदाब ठीक, तक्रार नाही. मी होकार दिला. चिकलठाणा विमानतळावर सोनोग्राफीचा अहवाल पाहून तिला थांबविण्यात आले. गर्भ 37 आठवड्यांचा होता. पाळी चुकली त्या दिवसापासून आईने महिने मोजले होते आणि मी अहवाल न पाहताच ते मान्य केले होते. तिसऱ्या दिवशी ती येथेच सुखरूप प्रसूत झाली. परंतु हा प्रसंग माझ्या कौशल्याने नव्हे, तिकीट तपासणाऱ्याच्या दक्षतेने टळला.

शास्त्राचा अभिप्राय

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भोपघातकर भाव सांगितले आहेत. त्यांत विषम व कठीण आसन, वात-मूत्र-पुरीषांचे वेगधारण, अनुचित व्यायाम आणि अतिमात्र संक्षोभ करणारी याने यांचा समावेश आहे. सुश्रुतानेही गर्भिणीस यानारोहण वर्ज्य सांगितले आहे. त्या काळातील याने बैलांची व घोड्यांची होती, हे ध्यानात घेतले तर दोषाचे मूळ मुख्यतः संक्षोभात आहे, असे मला वाटते. या दृष्टीने तासाभराचे विमान खड्ड्यांच्या रस्त्यावरील सात-आठ तासांच्या मोटारीपेक्षा सौम्य ठरू शकते. मात्र दीर्घकाळ एकाच आसनात बसणे व वेगधारण हे दोन हेतू विमानातही शिल्लक राहतात. परदेशातून मुंबईस उतरून पुढे सुमारे साडेतीनशे किलोमीटर मोटारीने येणाऱ्या गर्भिणीचा खरा कष्टाचा टप्पा अनेकदा हा शेवटचाच असतो. तेथे एक मुक्काम करावा.

विमानात काय घडते?

विमानाच्या आतील हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसतो. तो साधारण 6000 ते 8000 फूट उंचीवरील दाबाइतका असतो. त्यामुळे रक्तातील प्राणवायू काहीसा कमी होतो. गर्भाचे रक्त प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवणारे असल्याने निरोगी गर्भाला याची बाधा होत नाही. परंतु माता तीव्र पांडुरोगी असेल तर हा आधार अपुरा पडतो. हिमोग्लोबिन साडेसात ग्रॅमपेक्षा कमी असताना विमानप्रवास टाळावा, असे ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञांचे मत आहे. आपल्या भागात पांडुरोग किती आढळतो हे सर्व जाणतात. म्हणून तिकिटाआधी रक्ततपासणी करून घ्यावी.

दाब कमी झाला की आतड्यातील वायूही प्रसरण पावतो. आध्मानाची तक्रार यातूनच येते. प्रवासाच्या आदल्या दिवसापासून हरभरा, पावटा, कोबी व बाटलीबंद फसफसणारी पेये वर्ज्य करावीत. मुगाचे कढण, भाताची पेज, लाह्या असा लघु आहार द्यावा. विमानातील हवा अत्यंत कोरडी असते, म्हणून पाणी घोट घोट पीत राहावे.

किरणोत्साराचे भय पुष्कळांना वाटते. क्वचित प्रवास करणारीस ते बाळगण्याचे कारण नाही; गर्भकाळासाठी मान्य असलेल्या 1 मिलिसिव्हर्ट मर्यादेच्या तुलनेत अतिदीर्घ प्रवासातील मात्राही थोडीच असते. विमानसेविकांची गोष्ट वेगळी. विमानतळावरील धातुशोधक चौकटीत क्ष-किरण नसतात, हेही सांगावे.

पायातील गुठळी

सर्वांत दुर्लक्षित धोका हा आहे. गर्भावस्थेत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि चार तासांहून अधिक काळ बसून राहिल्यास पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याची शक्यता वाढते. मोटार व रेल्वेसही हे लागू आहे. मार्गिकेलगतचे आसन घ्यावे. त्यामुळे वेगधारणही टळते. तासा-दीड तासाने चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, दीर्घ प्रवासात योग्य मापाचे दाब देणारे मोजे वापरावेत. आसनपट्टा पोटावर नव्हे, तर पोटाखाली कटीच्या हाडांवर बांधावा.

प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, उष्ण लागली तर त्यास वातव्याधी समजून अभ्यंग, मर्दन वा लेप मुळीच करू नये. त्वरित डॉप्लर तपासणीस पाठवावे. मर्दनाने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. श्वास लागणे वा छातीत दुखणे ही तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत. हा धोका प्रसूतीनंतर सुमारे सहा आठवडे राहतो. आपल्या दीड महिन्याच्या सूतिकाकाळाशी तो जुळतो.

केव्हा जावे, केव्हा थांबावे?

सामान्यतः 14 ते 27 आठवडे हा काळ सर्वांत सोयीचा. पहिल्या तिमाहीत गर्भ गर्भाशयातच आहे, याची सोनोग्राफीने खात्री झाल्याशिवाय संमती देऊ नये. बहुतेक विमान कंपन्या एक गर्भ असल्यास 36 आणि जुळे असल्यास 32 आठवड्यांपर्यंत प्रवास करू देतात. 28 आठवड्यांनंतर केव्हाही प्रमाणपत्राची अट लागू शकते. नियम कंपनीगणिक भिन्न असल्याने तिकिटापूर्वीच विचारावे आणि परतीच्या तारखेचे आठवडेही मोजावेत. चरकाने आठव्या महिन्यात ओज अस्थिर असल्याचे सांगितले असून सूतिकागार नवव्या महिन्यापूर्वीच सिद्ध करण्यास सांगितले आहे. म्हणून माहेरी यायचे तर डोहाळजेवणाच्या सुमारास, सातव्यातच यावे, हा सल्ला शास्त्र व व्यवहार या दोहोंना धरून आहे.

रक्तस्राव, गर्भाशयमुखावर आलेली अपरा, गर्भजलस्राव, अकाली प्रसूतीची चिन्हे, अनियंत्रित रक्तदाब, सिकलसेलचा तीव्र विकार यांपैकी काहीही असल्यास प्रवास थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. प्रमाणपत्रही, तिची नियमित तपासणी करणाऱ्या प्रसूतितज्ज्ञांनीच द्यावे. ओळखीखातर आपण कागदावर सही करणे हे उपकार नव्हे.

औषधविक्रेत्यांसाठी

पुडीत बांधलेले नाव नसलेले चूर्ण प्रवाशास देऊ नये. मूळ वेष्टन, घटक व चिठ्ठी सोबत असावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातील सामानात 100 मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली सामान्यतः नेता येत नाही. आसव-अरिष्टांत स्वयंजात मद्यांश असतो. गर्भिणीस ती ‘प्रवासासाठी’ म्हणून परस्पर देऊ नयेत. भस्मे व रसकल्प यांबाबतही तसेच. प्रवासापूर्वी ‘पोट साफ व्हावे’ म्हणून विरेचक मागितल्यास नकार द्यावा.

आता माझ्या टेबलावर एक नियम आहे : अहवालावरील आठवडे स्वतः वाचल्याशिवाय प्रवासाविषयी बोलायचे नाही. आपणही तो पाळावा, ही विनंती.