नाक दाबून तोंड उघडू नका!

'नाक दाबलं की तोंड उघडतं' ही म्हण आपण राजकारणापासून व्हायवापर्यंत सगळीकडे वापरतो. आमच्या घरात मात्र ती रोज दोन वेळा अक्षरशः अमलात यायची. माझा चुलत भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे, त्याला फिटचा त्रासही आहे. काका हात धरायचे, आजी नाक दाबायची आणि काकू चमचा आत घालायची. एकदा असा काही ठसका लागला की सगळ्यांचे हातपायच गळाले. डॉक्टर म्हणाले, "असं औषध श्वासनलिकेत जातं. पुन्हा करू नका."

मग करायचं काय? आधी कारण पाहू. कडू चव ओळखणारे सुमारे 25 प्रकारचे ग्राहक आपल्याकडे असतात, कारण अनेक वनस्पतींची विषं कडू असतात. म्हणजे थुंकून टाकणं हा हट्ट नव्हे, ती शरीराची सेफ्टी सिस्टिम आहे! ऑटिझम असलेल्या काही मुलांना तर चव, वास, स्पर्श जास्तच तीव्र जाणवतात, आणि नेमकं काय नको ते सांगता येत नाही. म्हणून आधी फॉल्ट शोधा : चव, वास, गोळीचा आकार की गिळण्याचाच त्रास? गिळताना नेहमी ठसका लागत असेल तर घरचे प्रयोग नकोत, डॉक्टरांना दाखवा.

पातळ औषध बिनसुईच्या सिरिंजने, ताठ बसवून, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडावं. गार पदार्थाने जीभ थोडी बधिर होते, म्हणून आधी गार पाणी आणि नंतर गूळ. कशात मिसळायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि एकाच चमच्यात. ग्लासभर दुधात घातलं आणि अर्धं उरलं, तर डोसही अर्धाच! शिवाय सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं दुधातल्या कॅल्शियमशी बांधली जातात आणि नीट लागू पडत नाहीत.

गोळी कुटायच्या आधीही विचारा. फिटवरच्या सोडियम व्हॅल्प्रोएटच्या काही गोळ्यांवर असं पॉलिमरचं कोटिंग असतं, जे पोटातल्या आम्लात टिकतं आणि आतड्यात विरघळतं. काही गोळ्या औषध तासन्‌तास हळूहळू सोडतात (पाकिटावर एसआर, सीआर किंवा ईआर लिहिलेलं असतं). खलबत्त्यात घातली की हे सगळं डिझाइन फुकट!

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फसवू नका. आजीने एकदा पेढ्यात गोळी लपवली. भावाने त्यानंतर पेढाच सोडला, आजीच्या हातचं जेवणही आठवडाभर नाकारलं. मग आम्ही चार चित्रं काढून भिंतीला लावली : पाणी, औषध, गूळ, रेडिओ. वेळ तीच, जागा तीच, क्रमही तोच. महिनाभर लागला. आता तो स्वतः सिरिंज घेऊन येतो.

हे आपल्या बीड जिल्ह्यात का सांगायचं? दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. असं मूल एक तर आजी-आजोबांकडे राहतं, नाहीतर फडावरच्या कोपीत. औषध पाजणारे हात बदलतात आणि डोस चुकतात. फिटचं औषध अचानक तुटलं तर न थांबणारी फिट येऊन जीव जाऊ शकतो. म्हणून औषधाच्या पिशवीत एक कागदही ठेवा : किती, केव्हा, आणि *कसं* पाजायचं. वाचता येत नसेल तर चित्रं काढा. सुट्टीत गावी गेल्यावर असा एखादा कागद आपण नक्कीच करून देऊ शकतो. ड्रॉइंगचा पेपर पास झालोय ना आपण!