पॉवर बँक घेताना पन्हाही विचारा

गिटार वाजविणाऱ्या तरुणांची एक जुनी अडचण आहे. गिटार खांद्यावर घेऊन कुठेही जाता येते, पण तिचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर विजेच्या बटणाला बांधलेला असतो. समुद्रकिनारा असो, सोसायटीचे अंगण असो किंवा वीज गेलेले सभागृह असो, तिथे प्लग कुठे लावायचा? यासाठी कंपन्यांनी सेलवर चालणारे छोटे ॲम्प्लिफायर काढले. रोलंडचा मायक्रो क्यूब पेन्सिल सेलच्या सहा नगांवर चालतो, मार्शलचा खिशात मावणारा एमएस-२ नऊ व्होल्टच्या एका चौकोनी सेलवर चालतो. परंतु रोज दोन-तीन तास वाजविणाऱ्याला सेलचा खर्च परवडत नाही. मग तो विचार करतो की मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक तर घरात पडलेलीच आहे, तिच्यावरच हे काम का होऊ नये?

काम होते, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पण दुकानात जाऊन फक्त "वीस हजारवाली द्या" म्हणणारा गिऱ्हाईक हमखास फसतो. कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे घालविल्यामुळे ही फसवणूक आम्हांस लगेच ओळखू येते. एखाद्याने तुम्हाला दहा मीटर कापड दिले आणि पन्हा सांगितलाच नाही, तर त्यात किती सदरे निघतील हे तुम्ही सांगू शकाल काय? पन्हा छत्तीस इंची असेल तर हिशोब वेगळा, अठ्ठावन्न इंची असेल तर वेगळा. पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरात छापलेला दहा हजार किंवा वीस हजार एमएएच हा आकडा म्हणजे नुसती लांबी आहे. पन्हा म्हणजे व्होल्ट, आणि तो आकडा कोणत्या व्होल्टवर मोजला हे बारीक अक्षरात असते.

आतील लिथियम सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट असतो आणि दहा हजारचा आकडा त्या दाबावरचा असतो. यूएसबीच्या तोंडातून मात्र ५ व्होल्ट बाहेर पडतात आणि बऱ्याच छोट्या ॲम्प्लिफायरांना ९ व्होल्ट लागतात. पन्हा वाढला की लांबी घटणारच. म्हणून खरे माप वॉट-तासात करावे. दहा हजारला ३.७ ने गुणले आणि हजाराने भागले की ३७ वॉट-तास निघतात. दाब वाढविताना सुमारे पाचवा हिस्सा उष्णतेत जातो असे धरले तर हाती तीस उरतात. समजा ॲम्प्लिफायर ९ व्होल्टवर ३०० मिलीअँपिअर ओढतो, म्हणजे २.७ वॉट खातो. तीसला २.७ ने भागले तर अकरा तास येतात. आता हाच हिशोब दुकानदाराच्या पद्धतीने करा: दहा हजार भागिले तीनशे, म्हणजे तेहतीस तास. अकरा आणि तेहतीस यांतील फरक कोणी खाल्ला? कोणीही नाही, तो मुळात नव्हताच. तसे म्हटले तर अकरा तासही काही कमी नाहीत, त्यात चार-पाच संध्याकाळी निभावतात. आमचे म्हणणे एवढेच की गिऱ्हाईकाला अकरा सांगून विकावे. पुष्कळ कंपन्या खोक्याच्या मागे 'रेटेड कपॅसिटी' म्हणून ५ व्होल्टवरचा खरा आकडा छापतात. दहा हजारच्या खोक्यावर तो सहा हजारांच्या आसपास दिसतो. खोके उलटे करून तो वाचावा.

आता पाचाचे नऊ व्होल्ट कसे करायचे? एक उपाय म्हणजे दाब वाढविणारी केबल. तिच्या एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला गोल पिन आणि मध्ये एक छोटी डबी असते. वीज गेल्यावर वाय-फायचा राउटर चालावा म्हणून या केबली आपल्या बाजारात फार खपतात. आणि नेमका इथेच घात आहे.

राउटरच्या पिनीत बहुधा मधला भाग धन आणि बाहेरचा ऋण असतो. गिटारच्या बऱ्याच सामानाचे याच्या उलट आहे. बॉस कंपनीच्या ९ व्होल्टच्या ॲडाप्टरमध्ये मधला भाग ऋण असतो आणि त्याच चालीवर पुष्कळ कंपन्यांनी आपला माल काढला आहे. पिन दिसायला तीच, घट्ट बसतेही तशीच. आमच्या पेठेत गिटार शिकविणारे एक मास्तर आहेत. त्यांनी दुकानदाराला "नऊ व्होल्टची आहे ना?" एवढेच विचारले, त्याने "हो" म्हटले, आणि ते खोटेही नव्हते. घरी येऊन केबल लावली, तर ॲम्प्लिफायर एकदा टक् करून कायमचा गप्प बसला. केबल दीड-दोनशेची, नुकसान हजारांचे, आणि शिकवणीचे पंधरा दिवस बुडाले ते निराळेच. केबल परत घ्यायलाही दुकानदार तयार झाला नाही, कारण त्याच्या मते माल चांगलाच होता!

ॲम्प्लिफायरच्या मागे, पिनीच्या भोकाजवळ एक लहानशी खूण कोरलेली असते: मध्ये ठिपका, भोवती अर्धवर्तुळ आणि दोन बाजूंना अधिक-उणे. ठिपक्याला जोडलेले चिन्ह ते मधल्या भागाचे. तीच खूण केबलीवर असली पाहिजे. केबलीवर खूण नसेल तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा, लाल टोक पिनीच्या आत आणि काळे बाहेरून लावावे. नुसता नऊचा आकडा आला तर मध्य धन, आकड्यामागे उणे आले तर मध्य ऋण. उलट निघाली तरी केबल फेकायला नको, धन-ऋण पालटणारा छोटा तुकडा मिळतो. आणि सगळेच ॲम्प्लिफायर नऊ व्होल्टचे असतात असेही समजू नये. ब्लॅकस्टारच्या फ्लाय ३ चा ॲडाप्टर ६.५ व्होल्टचा आहे. त्याला नऊची केबल लावणे म्हणजे मलमलीवर तापलेली इस्त्री ठेवणे.

दुसरा उपाय नव्या तऱ्हेच्या पॉवर बँकांचा. यूएसबी-सी तोंडाच्या ज्या बँकांवर 'पीडी' लिहिलेले असते, त्या मागणीप्रमाणे ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट देऊ शकतात. कोणते दाब मिळतात ते बँकेवर छापलेले असते. केबलीतील चिप "नऊ हवेत" असे सांगते आणि बँक नऊ देते. बारा व्होल्ट मात्र या यादीत सक्तीचे नाहीत, काही बँका देतात, काही देत नाहीत. मोठा ॲम्प्लिफायर असेल तर हाच मार्ग धरावा. १२ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे २४ वॉट झाले, तर ५ व्होल्ट २ अँपिअरचे जुने तोंड १० वॉटच देते. अशा तोंडाला दाब वाढविणारी केबल लावली की जोरात तार छेडताच सगळे बंद पडते. शिवाय वाजविताना त्याच बँकेच्या दुसऱ्या तोंडात मोबाइल लावू नये. पुष्कळ बँका तेवढ्यात व्होल्टचा सौदा नव्याने करतात आणि नऊवरून पाचावर उतरतात.

याच्या अगदी उलट तक्रार छोट्या ॲम्प्लिफायरची असते. तो इतका कमी करंट ओढतो की बँकेला वाटते मोबाइल भरला, आणि ती झोपी जाते. गाणे अर्ध्यावर राहते. काही बँकांत बटण दोनदा दाबले की कमी करंटची सोय चालू होते. घ्यायच्या आधी ती विचारून घ्यावी.

आवाजाचाही प्रश्न आहे. दाब वाढविणारी डबी आत फार वेगाने चालू-बंद होत असते आणि तिची बारीक शिट्टी स्पीकरमधून ऐकू येऊ शकते. डबी गिटारच्या तारेपासून दूर ठेवल्यास थोडा फरक पडतो, पण स्वस्त केबलीची शिट्टी पुष्कळदा जात नाही. म्हणून शक्य असल्यास ॲम्प्लिफायर दुकानात नेऊन, गिटार लावून, ऐकूनच घ्यावी. मोबाइलवरून साथीचे संगीत लावणाऱ्यांनी तोच मोबाइल त्याच बँकेवर चार्ज करू नये, गुणगुण हमखास येते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर या सगळ्या मालाचे ढीग असतात, चांगलाही आणि खोटाही. खोटा ओळखण्यासाठी आमचा धंद्यातला उपाय म्हणजे वजनकाटा. लिथियमच्या एका किलोत आजच्या चांगल्या सेलातही साधारण अडीचशे वॉट-तास मावतात. वीस हजारची बँक म्हणजे ७४ वॉट-तास, तेव्हा नुसत्या सेलांचेच वजन तीनशे ग्रॅमच्या घरात जाते, वरचे खोके वेगळे. काट्यावर ती दोनशे ग्रॅम भरली तर आत काय आहे ते विचारायचीही गरज नाही. मानक ब्यूरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बँकेवर असावा. बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो तपासता येतो. आणि बिल पक्केच घ्यावे. लिथियम पॉवर बँकेवरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा "बिलाशिवाय स्वस्त पडेल" या म्हणण्यात पूर्वीइतकाही दम राहिलेला नाही.

कार्यक्रमासाठी विमानाने जाणाऱ्यांनी १०० वॉट-तासांची मर्यादा ध्यानात ठेवावी. तेवढ्यापर्यंतची बँक हातातल्या पिशवीत नेता येते, सामानात टाकता येत नाही. बाजारात २६,८०० एमएएचचा विचित्र आकडा का दिसतो, याचेही उत्तर त्यातच आहे. ३.७ ने गुणून पाहा, ९९ च्या किंचित वर येतो.