मलाक्काचे शनिवार-रविवार

मुंबईकराला सातारा जितका लांब, तितकंच सिंगापूरकराला मलाक्का. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं, रविवारी संध्याकाळी परतावं. फरक इतकाच की वाटेत देशाची सीमा आहे. गेल्या वीस वर्षांत ती सीमा आम्ही चौघी मैत्रिणींनी मिळून अकरा वेळा ओलांडली. एक मडगावची, एक नागपूरची, एक सांगलीची आणि मी रेवदंड्याची. नोकरीसाठी सिंगापुरात आलो, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख झाली आणि २००५ साली पहिल्या सहलीचा बेत ठरला.

त्या वेळी भारतीय पासपोर्टवर मलेशियाला जायचं तर आधी व्हिसा काढावा लागे. दोन दिवसांच्या सहलीसाठी फोटो, कागदपत्रं, ऑफिसचं पत्र, आणि व्हिसासाठी पासपोर्ट देऊन पुन्हा घ्यायला जाण्याची खेप. लव्हेंडर स्ट्रीटवरून बस सुटायची. वूडलँड्सला उतरा, शिक्का घ्या, पुन्हा बसमध्ये चढा, एक किलोमीटरचा कॉजवे ओलांडा, जोहोर बारूला सामानासकट पुन्हा उतरा, पुन्हा रांग. त्या दिवशी नागपूरकरणीच्या फॉर्मात काहीतरी चुकलं, तो पुन्हा भरावा लागला आणि तेवढ्यात आमची बस आम्हाला न घेता निघून गेली. शहरातल्या बसने लार्किनच्या अड्ड्यावर गेलो, दुसरी गाडी पकडली. चार तासांच्या प्रवासाला आठ लागले. मलाक्कात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं.

पहिल्या खेपेला आम्ही शहर पाहिलं ते फक्त डोळ्यांनी. चौकातल्या लाल इमारती, १७५३ मध्ये पुरं झालेलं डचांचं चर्च, त्याच्या बाजूचं त्याहून शंभर वर्षं जुनं राज्यपालांचं निवासस्थान. (या इमारती डचांच्या काळात पांढऱ्या होत्या, लाल रंग इंग्रजी अमलात लागला, हे पुढे कळलं.) संध्याकाळी जोंकर स्ट्रीटचा रात्रबाजार. तिथे मडगावकरीण एका टपरीपाशी थबकली आणि ओरडली, "अगो, हें दोदोल!" काळसर, तुकतुकीत, सुरीला चिकटणारी वडी. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ मोठ्या कढईत तासन् तास ढवळून केलेली. टपरीवरच्या पाटीवरही नाव तेच होतं, दोदोल. गोव्यात ते नाताळात होतं, इथे ईदला. शेजारच्या गाडीवर चेंदोल मिळत होतं, म्हणजे किसलेल्या बर्फावर तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध आणि वरून गूळ. इथे त्या गुळाला गुला मलाका म्हणतात. मडगावकरणीने बोटावर घेऊन चाखला आणि म्हणाली, "हा माडाचा गूळ आहे. माझ्या आजीच्या डब्यातला." परतीच्या बसमध्ये तिने गुळाची ढेप मांडीवरून खाली ठेवली नाही.

पुढच्या तीन-चार खेपा खाण्याच्या आणि बाजाराच्या झाल्या. त्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सिंगापूरच्या एका डॉलरला तेव्हा सव्वादोन रिंगिट मिळत, त्यामुळे स्वस्ताई वाटे. २००८ च्या जुलैमध्ये पिनांगच्या जॉर्ज टाउनबरोबर मलाक्काला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं आणि शहराचं रूप झपाट्यानं पालटलं. मलाक्का नदी आम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा काठावर उभं राहवत नव्हतं. ती स्वच्छ झाली, काठाने पायवाटा आल्या, घरांच्या पाठच्या भिंती चित्रांनी रंगल्या, रात्री बोटी फिरू लागल्या. हे चांगलंच झालं. पण जोंकरच्या गल्ल्यांतला सुतार, टोपल्या विणणारा, चिनी बायकांच्या बांधलेल्या पावलांसाठीचे चिमुकले बूट शिवणारा, असे कारागीर एकेक करून दिसेनासे झाले. जुन्या घरांच्या भाड्यावरचं नियंत्रण २००० सालीच उठलं होतं. वारशाचा शिक्का बसल्यावर तीच घरं हॉटेलांना आणि कॅफेंना हवीशी झाली. घरांचे दर्शनी भाग जपले गेले आणि आतली माणसं गेली. वारसा जपण्याच्या या पद्धतीवर माझा तेव्हाही राग होता, आजही आहे.

मलाक्का आमच्यासाठी खऱ्या अर्थाने उघडलं ते २०१३ मध्ये, सेंट पॉलच्या टेकडीवर. सांगलीकरीण इतिहासाची शिक्षिका. त्या खेपेला ती वाचून आली होती. टेकडीच्या पायथ्याशी किल्ल्याचा एकुलता एक उरलेला दरवाजा आहे, पोर्ता दे सांतियागो. त्याच्यापुढे उभं राहून तिने सांगायला सुरुवात केली. पोर्तुगीज सेनानी आफोन्सो दे आल्बुकर्कने १५१० च्या नोव्हेंबरात गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी, १५११ च्या ऑगस्टमध्ये, मलाक्का. हिंदी महासागरातला मसाल्याचा व्यापार ताब्यात ठेवायला त्याला या सामुद्रधुनीची किल्ली हवी होती. मलाक्काची लूट भरून तो निघाला, ते 'फ्लोर दे ला मार' जहाज सुमात्राच्या किनाऱ्याजवळ बुडालं. इथला किल्ला १६४१ मध्ये डचांनी घेतला. दरवाज्यावर कोरलेलं १६७० हे साल त्यांचं. पुढे इंग्रजांनी हा किल्ला सुरुंग लावून पाडला. एवढा दरवाजा राहिला तो पुढे सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्सच्या मध्यस्थीने.

वर टेकडीवर छप्पर नसलेलं चर्च आहे. आत भिंतीला टेकवून ठेवलेल्या भल्यामोठ्या थडग्याच्या शिळा, आणि जमिनीत जाळीने झाकलेला एक रिकामा खड्डा. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४५ मध्ये भारतातून इथे आले. १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. त्यांचा देह दुसऱ्या वर्षी इथे आणून याच जागी पुरला आणि काही महिन्यांनी उकरून गोव्याला नेला. मडगावकरीण त्या जाळीपाशी गुडघे टेकून बसली. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या 'गोंयचो सायब' म्हणून ज्यांच्यापुढे मेणबत्ती लावली जाते, त्यांचा देह गोव्याआधी इथे पुरला होता, हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्या मोकळ्या खड्ड्यापुढे बसणं यांत अंतर आहे. आम्ही तिघी बराच वेळ बाहेर कठड्यावर बसून होतो. खाली समुद्र दिसत होता, पण लांब. भराव टाकून टाकून किनारा पुढे सरकला आहे. आल्बुकर्कच्या वेळी तो टेकडीच्या पायथ्याला लागत असे.

दुसऱ्या दिवशी सांगलीकरणीच्या आग्रहाने आम्ही सोनारगल्लीत गेलो. जालान तुकांग एमास. एका रांगेत चिनी देऊळ, कांपुंग क्लिंगची मशीद आणि गणपतीचं देऊळ. हे श्री पोय्याता विनायगर मूर्ती मंदिर १७८१ च्या सुमाराचं, मलेशियातल्या सर्वांत जुन्या हिंदू देवळांपैकी. बांधलं चेट्टींनी. व्यापारासाठी आलेल्या तमिळ पुरुषांनी स्थानिक बायकांशी लग्नं केली, त्यांचे हे वंशज. घरात मलय बोलतात, बायका सारोंग आणि केबाया नेसतात, जेवणात जवळ्याचं बेलाचान असतं, आणि देव्हाऱ्यात शिव, मरिअम्मन, गणपती. सांगलीकरणीने तिथे उभ्याने अथर्वशीर्ष म्हटलं. पुजाऱ्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि हातावर तीर्थ घातलं. तेव्हापासून प्रत्येक खेपेला आमचा पहिला थांबा हे देऊळ.

मग २०१६ चा जून. आता मला माझ्याविषयी सांगायचं आहे.

शहराबाहेर उजोंग पासिरला समुद्राकाठी पोर्तुगीज वस्ती आहे. १९३० च्या दशकात इथे-तिथे विखुरलेल्या पोर्तुगीज वंशाच्या गरीब कोळी कुटुंबांना तिथे जागा मिळाली. जूनच्या अखेरीस त्यांचा सान पेद्रोचा सण असतो. कोळ्यांचा संत, त्यामुळे होड्या रंगवून, पताका लावून त्यांना आशीर्वाद देतात. मी रेवदंड्याची. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला होड्या अशाच सजतात. मी त्या होड्यांपाशी रेंगाळले असताना एक आजी माझ्याशी बोलायला आली. आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होतो, पण नातवंडांशी ती वेगळंच काही बोलत होती. मी विचारलं तर म्हणाली, क्रिस्तांग. तिने मला दोन शब्द शिकवले. नमस्काराला 'तेंग बोंग' आणि आभाराला 'मुतु मेर्सेह'.

क्रिस्तांग ही पोर्तुगीज आणि मलय यांच्या सहवासातून घडलेली भाषा. पोर्तुगीज इथून गेले १६४१ मध्ये. त्यानंतर डच, इंग्रज आणि मलेशिया अशी राज्यं आली, एकानेही ती शाळेत शिकवली नाही. तरी पावणेचारशे वर्षं ती स्वयंपाकघरात आणि होडीवर टिकली. आजी हे सांगत असताना मडगावकरीण मलयमधले शब्द ओळखण्यात रमली होती. चर्च म्हणजे गेरेजा, आमची इगर्ज. टेबल म्हणजे मेजा. खिडकी म्हणजे जेंदेला, आमचं जनेल. आणि मला मात्र आठवत होता कोर्लईचा डोंगर.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. लहानपणी रोज दिसायचा. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक घरात 'वेगळं काहीतरी' बोलतात हे आम्हाला माहीत होतं. ते काय बोलतात हे आम्ही कधी विचारलं नाही. त्यांच्या मुली माझ्या वर्गात होत्या, आमच्याशी त्या मराठीत बोलायच्या आणि तेवढं आम्हाला पुरे होतं. ती भाषाही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून झालेली. तिचे लोक तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. चौल आणि कोर्लई १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले, भाषा राहिली. अमेरिकेतल्या क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये आख्खा ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ निघाला तेव्हा मी खाडीच्या अलीकडच्या काठाला राहत होते, आणि मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. परदेशातल्या एका आजीच्या अंगणात मला स्वतःच्या शेजाऱ्यांची भाषा भेटली, याची मला त्या रात्री फार खंत वाटली.

१८ मार्च २०२० ला सीमा बंद झाली. कॉजवेवरून रोज लाखो माणसं जा-ये करत, तो ओस पडला. एप्रिल २०२२ मध्ये लस घेतलेल्यांसाठी रस्ता खुला झाला आणि जूनमध्ये आम्ही गेलो. जोंकरवर निम्मी दुकानं बंद होती. उजोंग पासिरची आजी राहिली नव्हती. तिच्या नातीने ओळखलं, आत बोलावलं. क्रिस्तांग बोलता येतं का विचारल्यावर ती म्हणाली, समजतं, बोलताना अडखळते. मी फोनवर तिच्याकडून एक ते दहा आकडे, घरातल्या चार वस्तूंची नावं आणि नमस्कार-आभार असं सगळं रेकॉर्ड करून घेतलं.

त्याच डिसेंबरात मी गावी गेले आणि साळावच्या पुलावरून कोर्लईला गेले. माऊंट कार्मेलच्या चर्चबाहेर एक वयस्क बाई बसल्या होत्या. माझी ओळख रेवदंड्याच्या शाळेपर्यंत पोचली तेव्हा कळलं, त्यांची धाकटी बहीण माझ्या वर्गात होती. मी त्यांना फोनवरचा आवाज ऐकवला. आकडे ऐकताच त्या सरसावून बसल्या आणि पुढचे आकडे त्या आवाजाबरोबर म्हणू लागल्या, जवळजवळ तसेच. मग विचारलं, "ही पोरगी कुठली? वसईची का?" मी सांगितलं, मलाक्काची, सिंगापूरजवळ. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सगळं पुन्हा एकदा ऐकलं.

हल्ली जाणं फार सोपं झालं आहे. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर तीस दिवस व्हिसा लागत नाही. स्वतःच्या गाडीने गेलं तर सिंगापूरच्या बाजूला पासपोर्टऐवजी क्यूआर कोड दाखवून पुढे जाता येतं. २०२४ च्या सुरुवातीला आम्ही गेलो तेव्हा डॉलरला साडेतीन रिंगिट मिळत होते. त्यामुळे गर्दीही अफाट असते आणि बहुतेक जण शनिवारी दुपारी येऊन रविवारी दुपारी परततात, चौक आणि जोंकर पाहून. आम्हीही पहिली आठ वर्षं तेच केलं. २०२४ च्या अखेरीस गोव्यात झेवियरांच्या शवप्रदर्शनाला मडगावकरीण गेली आणि उजोंग पासिरच्या त्या नातीसाठी तिथून मेणबत्ती घेऊन आली. आमच्या अकराव्या खेपेला ती तिच्या हातात दिली.

मलाक्काला जाल तेव्हा रविवारची सकाळ उजोंग पासिरसाठी राखून ठेवा. अलिबागला जाल तेव्हा साळावचा पूल ओलांडून कोर्लईला जा, किल्ला पाहा, आणि उतरल्यावर गावात थोडं थांबून तिथल्या माणसांना त्यांची भाषा बोलायला सांगा.