घरात तेलुगू, शाळेत मराठी : सोलापूरच्या मुलांविषयीचे चार गैरसमज

गिरण्या आणि हातमागांच्या ओढीने तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांमुळे सोलापूरच्या पूर्व भागात आजही घरोघरी तेलुगू ऐकू येते. अक्कलकोटकडे कन्नड, शहरातल्या अनेक मोहल्ल्यांत उर्दू. शिवाय ऊसतोडीच्या हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतली कुटुंबे इथल्या फडांवर येतात. या मुलांच्या वाटेत परिस्थितीइतकेच मोठ्यांचे गैरसमजही आडवे येतात.

गैरसमज : अल्पसंख्याक फक्त धर्माने ठरतात.

वस्तुस्थिती : घटनेच्या ३०व्या अनुच्छेदात धर्म आणि भाषा दोन्ही आहेत. अल्पसंख्याक कोण, हे राज्यनिहाय ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात स्पष्ट केले. म्हणून सोलापूरचे तेलुगू भाषक आणि बेळगावचे मराठी भाषक आपापल्या राज्यात भाषिक अल्पसंख्याकच.

गैरसमज : कन्नड किंवा उर्दू शाळेत घातले, की मूल मराठीला मुकते.

वस्तुस्थिती : २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. बालभारती कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही पाठ्यपुस्तके छापते. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ३५०-क अनुच्छेद १९५६ पासून सांगतो.

गैरसमज : दाखला नाही, तर प्रवेश नाही.

वस्तुस्थिती : हे कायद्याविरुद्ध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे. फडावरच्या पालकांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

गैरसमज : टीईटी उत्तीर्ण शिक्षक अशा वर्गाला आपोआप तयार असतो.

वस्तुस्थिती : परीक्षेत शिक्षकाचे भाषाज्ञान आणि बालमानसशास्त्र तपासले जाते. प्रत्यक्ष वर्गात लागते ती वेगळी नजर. पहिलीतल्या मुलीने बेरजेचे उत्तर तेलुगूत दिले, तर तिला गणित येते, मराठी शब्द अजून यायचा आहे, हे शिक्षकाला ओळखता यायला हवे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वापरण्यावर आणि द्विभाषिक साहित्यावर भर दिला आहे. ते वर्गात उतरायचे, तर डी.एल.एड.च्या आंतरवासितेतले काही आठवडे पूर्व भागातल्या आणि अक्कलकोट तालुक्यातल्या बहुभाषिक वर्गांत, अनुभवी शिक्षकांच्या हाताखाली जायला हवेत.